वाचकांचे प्रश्न : तेनार, अर्हा आणि भुयारातला दिवा

मागील अंकात या सदरात बारा-तेरा वर्षांपुढील मुलामुलींसाठी एका जुन्या अद्भुत कादंबरीची शिफारस केली होती. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ ही कादंबरी १९७१ साली पुस्तकरूपाने आली. ‘अर्थसी’ या काल्पनिक द्वीपसमूहाच्या मालिकेतील ते दुसरे पुस्तक आहे. ज्यांनी मागील अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात असे. अटुआन बेटावरील थडग्यांची थोरली पुजारीण ज्या रात्री वारली, त्याच रात्री जन्मलेल्या तेनार नावाच्या मुलीला पाचव्या वर्षी घरातून नेले जाते, कारण मेलेली पुजारीणच पुन्हा जन्म घेते अशी तिथली श्रद्धा असते. सहाव्या वर्षी एका विधीत तिचे नाव काढून घेतले जाते आणि ती ‘अर्हा’ होते. त्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘गिळलेली’ असा आहे. थडग्यांखालच्या भुयारांची ती मालकीण होते, आणि एके दिवशी त्या भुयारात एका तुटक्या कड्याचा अर्धा तुकडा शोधत गेड नावाचा परका पुरुष उतरतो. या शिफारशीवर बरीच पत्रे आली. त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने आपल्या सांगण्यावरून हे पुस्तक हाती घेतले आणि चाळीसएक पानांनंतर ठेवून दिले. “आई, यात काहीच घडत नाही, नुसती पूजा आणि झाडलोट चालली आहे,” असे तिचे म्हणणे आहे. मीही चाळून पाहिले, आणि खरे सांगायचे तर मला तिचेच पटले. तिला पुढे वाचायला लावावे का? (एक आई, नाशिक)

उत्तर : लावू नये, परंतु ठेवलेले पुस्तक तिच्या नजरेसमोर राहील अशा जागी असू द्यावे. आपल्या मुलीची तक्रार खरी आहे आणि ती तिने नेमकी ओळखली आहे. बारा प्रकरणांच्या या कादंबरीत गेड येतो तो पाचव्या प्रकरणात. तोवर वाळवंटातील एक भिंतबंद वस्ती, सूत कातणाऱ्या आणि काळे कापड विणणाऱ्या मुली, कोसिल आणि थार या दोन वयस्क पुजारिणी, मानान नावाचा एक खोजा, आणि रोज तेच ते विधी एवढेच वाचकाच्या पदरात पडते. माझ्या मते हा कंटाळा लेखिकेने जाणूनबुजून रचलेला आहे. अर्हाला तो वर्षानुवर्षे भोगावा लागतो, आणि आपण त्यातला शंभरावा हिस्सा तरी भोगला नाही तर पुढे जे होते त्याची किंमत आपल्याला कळत नाही. माझी स्वतःची पहिली फेरीही तिसऱ्या प्रकरणातच थांबली होती, हे येथे कबूल करते.

तरीही “काहीच घडत नाही” हे पूर्णांशाने खरे नाही. तिसऱ्या प्रकरणात राजाकडून तीन कैदी पाठवले जातात आणि त्यांना कसे मारायचे हे अर्हाने, म्हणजे तेव्हा जेमतेम आपल्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असलेल्या मुलीने, ठरवायचे असते. ती त्यांना अन्नपाणी देऊ नका असे सांगते. आवाज चढवून नव्हे, तर आपल्याला हे शोभते असे दाखवत ती ते सांगते. त्यानंतर तिला स्वप्ने पडू लागतात, आणि त्या स्वप्नांत ती कोणाला तरी पाणी घेऊन चाललेली असते. पुढे गेड भुयारात अडकतो आणि तहानेने मरणार हे दिसते, तेव्हा ती त्याला खरोखरच पाणी देते. या दोन प्रसंगांमध्ये बरीच पाने जातात आणि लेखिका त्यांना जोडणारे एकही वाक्य लिहीत नाही. नायिकेची वाढ या पुस्तकात नेमकी इथे आहे : तिला कुठली नवी विद्या मिळत नाही, तर आपण काय करून बसलो हे तिच्या शरीराला आधी कळते आणि मनाला मागाहून.

दुसरी एक जागा मुलीला दाखवावीशी वाटते. पेन्थे नावाची अर्हाची एक गुबगुबीत, हसरी मैत्रीण आहे. या वाळवंटात बायकांच्या घोळक्यात पुरून घेण्यापेक्षा एखाद्या डुकरे राखणाऱ्याशी लग्न केलेले बरे, असे ती आधीच एकदा बोलून गेलेली असते. चौथ्या प्रकरणात बोलता बोलता ती म्हणते की देव मानला गेलेला तो राजासुद्धा माणूसच असणार, आणि त्यालाही इतरांसारखी पायाची नखे काढावी लागत असणार. अर्हा हादरते. राजाचा अपमान झाला म्हणून नव्हे, तर एखाद्याचा देवावर विश्वासच नसू शकतो ही शक्यता तिला आयुष्यात प्रथमच दिसते म्हणून. राजाच्या पायाच्या नखांवरून एका धर्मव्यवस्थेला पहिला तडा जातो. इतकी साधी आणि इतकी अचूक जागा मला मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही फारशी आढळलेली नाही. आपल्या मुलीला सुट्टीत पाचव्या प्रकरणाची पहिली काही पाने आधी वाचून पाहायला सांगावे. ज्या भुयारात दिवा नेणे हे पाप, जे अर्हाला केवळ हाताच्या स्पर्शाने आणि पावलांच्या मोजणीने ठाऊक, तिथे तिला अचानक उजेड दिसतो. आणि ज्या जागेची ती इतकी वर्षे मालकीण आहे ती जागा स्फटिकांनी लखलखणारी, देखणी आहे हे तिला तेव्हा कळते. तेवढे वाचून मुलगी आपण होऊन मागे वळली तर ठीक. न वळली तर पुस्तक आणखी दोन वर्षे कपाटात राहिल्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीने वाचनालयातून या मालिकेचे एक जुने पुस्तक आणले. त्यावरील चित्रात नायक गोरा आहे, आणि आत मात्र तो तांबूस-तपकिरी वर्णाचा असल्याचे लिहिले आहे. चूक कोणाची? (एक वडील)

उत्तर : चित्राची. ले ग्विन यांनी अर्थसीतील बहुतेक माणसे सावळी किंवा काळी रंगवली आहेत. गोरे आहेत ते कार्गाद प्रदेशातले लोक, म्हणजे तेनारचे. अमेरिकेत १९६८ साली, जेव्हा मालिकेचे पहिले पुस्तक आले, तेव्हा हे करणे धाडसाचे होते, आणि मुखपृष्ठांवर गेड गोरा होत राहिला याबद्दल लेखिकेने वेळोवेळी नाराजी दर्शवली. २००४ साली आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतही गोरा नट घेतला गेला, तेव्हा तिने जाहीर लेख लिहून निषेध केला. आपल्या मुलीला एक गंमत अवश्य दाखवावी : या दुसऱ्या पुस्तकात गोऱ्या मुलीला लहानपणापासून शिकवलेले असते की समुद्रापलीकडचे काळे लोक नीच आणि चेटूक करणारे असतात. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे उलटे लावलेले भिंग ओळखायला फार वेळ लागत नाही.

प्रश्न : मी गडहिंग्लज तालुक्यातील एका शाळेत शिकवते. आपण दिलेले कथानक वाचताना मला सारखी आमच्या भागातील यल्लम्माला सोडलेल्या मुलींची आठवण येत होती. डोक्यात जट निघाली म्हणून देवाला सोडलेली आणि गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ घातलेली एक बाई आमच्या गल्लीत राहत असे. आठवी-नववीच्या मुलींना हे पुस्तक सांगावे की त्यांना ते फार जवळचे होईल? (एक शिक्षिका)

उत्तर : आपल्याला झालेली आठवण अगदी स्वाभाविक आहे, पण मुलींपुढे जाण्याआधी दोन्हींतील साम्य किती आणि फरक कुठे हे आपल्या मनाशी स्पष्ट असावे. साम्य आहे ते सुरुवातीला. मुलीला कोणी विचारत नाही. एखादी खूण पुरे होते, मग ती जट असो वा जन्माची रात्र. एकदा ती खूण मान्य केली की घरची माणसेच स्वतःला तयार करू लागतात. कादंबरीच्या अगदी प्रारंभी तेनारचे वडील तिच्या आईला बजावतात की जी पोर आपली राहणारच नाही तिच्यात जीव गुंतवू नकोस. हा बाप दुष्ट नाही, आणि म्हणूनच ते पान वाचवत नाही.

फरक मात्र मोठा आहे. देवाला सोडलेल्या मुलीच्या वाट्याला देवाच्या नावाखाली पुरुषांचा उपभोग आला. तिच्या हातात सत्ता कधीच नव्हती. तो अन्याय थांबवण्यासाठी मुंबई प्रांतात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदे करावे लागले, आणि आपल्याच तालुक्यात त्यासाठी माणसांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि परिषदा भरवल्या. अर्हाचे तसे नाही. तिच्या जागेत पुरुषाला प्रवेशच नाही, आणि तिच्या शब्दाने माणसे मरतात. ले ग्विन यांना प्रश्न पडला आहे तो असा की लहान मुलीकडून सगळे काढून घ्यायचे आणि बदल्यात तिला अधिकार द्यायचा, तर त्या अधिकाराचे ती काय करील? तुलनाच करायची तर काठमांडूची कुमारी अधिक जवळ येते. नेवार समाजातील शाक्य घराण्यांतून लहान मुलगी निवडली जाते, तिला देवी मानून पूजतात, आणि ती वयात आली की तिचे देवीपण संपून ती घरी परत जाते. अर्हाच्या बाबतीत हेच चक्र उलटे फिरते : वयात येणे म्हणजे तिच्यासाठी सुटका नव्हे, तर कैद्यांना मारण्याचा हक्क हाती येणे. लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यामुळे समाज आपल्या श्रद्धा कशा बांधतो याच्या गोष्टी तिने घरातच ऐकल्या होत्या; या कादंबरीतील विधी खोटे वाटत नाहीत याचे एक कारण ते असावे.

मुलींना पुस्तक अवश्य सांगावे. पण “हे आपल्याकडच्यासारखे आहे” हे वाक्य आपण उच्चारू नये. प्रस्तावनेसारखी असलेली पहिली दोन-तीन पाने मराठीत सांगून थांबावे. कोणाच्या घरातली आजी किंवा आत्या त्या वर्गात अदृश्यपणे बसलेली असेल तर तिच्याविषयी बोलायचे की नाही हे त्या मुलीलाच ठरवू द्यावे.

प्रश्न : माझी नात दहा वर्षांची असून मराठी माध्यमात शिकते. मी रोज रात्री तिला हे पुस्तक इंग्रजीतून वाचून तोंडी मराठीत सांगतो आहे. शब्दांपाशी अडतो. ‘विझर्ड’ला काय म्हणावे? ‘लॅबिरिंथ’ला चक्रव्यूह चालेल का? आणि ‘नेमलेस वन्स’ म्हणजे कोण? (एक आजोबा, डोंबिवली)

उत्तर : आपले पत्र वाचून हेवा वाटला. शब्दांचा हा खेळ मीही माझ्यापुरता खेळून पाहिला आहे, तेव्हा हाती लागले ते सांगते.

‘मांत्रिक’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लिंबू, बिब्बा, काळी बाहुली आणि कोंबडे येते. ‘जादूगार’ टोपीतून कबुतर काढतो. गेड या दोहोंतला नाही. वस्तूंची आणि प्राण्यांची खरी नावे जाणण्यावर त्याची विद्या उभी आहे आणि ती शिकायला त्याला शिस्त, संयम आणि बराच पश्चात्ताप लागलेला आहे. नवनाथांच्या कथा ऐकलेल्या नातीला ‘सिद्ध’ हा शब्द परका वाटणार नाही. परंतु तो आरंभापासून वापरू नये. अर्हाच्या दृष्टीने गेड प्रथम चोर आणि चेटक्या आहे, कारण तिला तसेच शिकवलेले आहे. म्हणून तिच्या तोंडी बराच काळ ‘चेटक्या’च ठेवावे आणि ज्या रात्री ती त्याच्या समोर बसून प्रश्न विचारू लागते त्या रात्री, कसलीही घोषणा न करता, शब्द बदलावा. नातीने “आजोबा, आता चेटक्या का नाही म्हणत?” असे विचारले तर आपले निम्मे काम झाले.

‘चक्रव्यूह’ मोहात पाडणारा आहे खरा, आणि अभिमन्यूची आठवण येथे चुकीची नाही : गेडला आत शिरता येते, बाहेर पडता येत नाही. पण चक्रव्यूह माणसांचा असतो. इथे तर दगड आणि अंधार यांखेरीज कोणी नाही. साधा ‘भुलभुलैया’ घ्यावा आणि अभिमन्यूची गोष्ट मध्येच वेगळी सांगावी. त्या भुलभुलैयाचा नकाशा नाही. अर्हाला वाटा तोंडपाठ करवल्या जातात : डावीकडची अमुक वाट सोडायची, उजवीकडची तमुक घ्यायची, असे. आपल्या पिढीने पावकी-निमकी जशी घोकली तशी ती वाटा घोकते, आणि एखादे वळण चुकले तर उत्तर चुकत नाही, माणूस हरवतो. नातीला एक प्रयोग करून दाखवावा. घरातले दिवे मालवून, भिंतीला हात लावत, स्वयंपाकघरापर्यंतची दारे मोजत तिला चालू द्यावे.

‘नेमलेस वन्स’ म्हणजे थडग्यांखाली राहणाऱ्या प्राचीन काळोख्या शक्ती. ‘निनावी’ म्हटले तर निनावी पत्र आठवते, ‘अनामिक’मध्ये कवितेचा वास येतो, म्हणून मी ‘अनाम’ एवढेच ठेवीन. त्यांना भूत किंवा सैतान मात्र करू नये. गेड स्वतः मान्य करतो की त्या शक्ती आहेत आणि त्या खऱ्या आहेत. त्यांची पूजा करणे ही चूक आहे, एवढेच तो म्हणतो.

राहिले नाव. ‘अर्हा’ ऐकताच मराठी कानाला ‘अर्हता’ आठवते, म्हणजे ‘योग्य ठरलेली’. लेखिकेच्या मनात असे काही असणे शक्य नाही, पण योगायोग मोठा बोचरा आहे : जिला गिळले तिलाच आपली भाषा पात्र ठरवते. अर्थ सांगताना ‘भक्षिता’ वगैरे संस्कृत वळणाला जाऊ नये. ‘गिळलेली’ हा शब्द रात्रीच्या वेळी दहा वर्षांच्या मुलीला पुरेसा आहे.

प्रश्न : लेखिकेने या पुस्तकाचा विषय लैंगिकता आहे असे कुठेसे म्हटल्याचे वाचले. मग ते बारा वर्षांच्या मुलांना कसे द्यावे? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : तसे तिने एका निबंधात खरोखरच म्हटले आहे, पण त्याचा अर्थ आपण समजता तो नाही. स्त्री म्हणून वयात येणे, आपल्या शरीराची आणि मनाची मालकी आपल्याकडे घेणे, हा तो विषय. पुस्तकात शृंगाराचे एकही दृश्य नाही. गेड आणि तेनार यांच्यात साधे प्रेमाचे शब्दही येत नाहीत. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांसाठी मानाच्या समजल्या जाणाऱ्या न्यूबेरी पुरस्कारात १९७२ साली याला सन्मान मिळाला होता. काळजी करायचीच असेल तर त्या तीन कैद्यांच्या मरणाची करावी. संवेदनशील मुलांना तो भाग त्रास देतो, आणि तो मुलांनी एकट्याने न वाचलेला बरा.

प्रश्न : मी महाविद्यालयात साहित्य शिकते. मुलगी अंधारात अडकलेली, मग एक पुरुष येतो, तिला तिचे नाव सांगतो आणि बाहेर काढतो. याला आपण नायिकेची वाढ म्हणता? मला तर ही झोपी गेलेल्या राजकन्येचीच गोष्ट वाटली. (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपला आक्षेप हलका नाही, आणि तो झटकून टाकण्याचा माझा विचारही नाही. तरी आधी मजकुराकडे पाहू. गेड भुयारात शिरतो आणि दार त्याच्यामागे बंद होते. पुढे तो अन्नपाण्यावाचून पडतो, आणि त्याचे बळ काळोखाला थोपवण्यात खर्ची पडत असते. वाट तिला ठाऊक आहे, पाणी तिच्याकडे आहे, किल्ल्या तिच्या कमरेला आहेत. तो तिला सोडवू शकत नाही. फार तर, सुटायचे की नाही हा प्रश्न तिच्यापुढे ठेवू शकतो. थडगी कोसळतात तेव्हा जमीन धरून ठेवणारा तो, आणि पाय कुठे टाकायचे हे जाणणारी ती. झोपी गेलेल्या राजकन्येकडे किल्ल्या नसतात.

यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते सुटकेनंतरचे. सामान्य अद्भुतकथा भुयाराच्या तोंडाशी संपली असती. इथे त्यानंतर दोन प्रकरणे आहेत, आणि त्यांत तेनार आनंदी नाही. डोंगरांत तिला थंडी वाजते, खायला पुरेसे नसते, आपण कोणाच्याही नाही आणि कुठल्याही नाही हे तिला जाणवत राहते. एका क्षणी तर ती झोपेतल्यासारख्या अवस्थेत सुरी घेऊन गेडला मारायला निघते. जे वर्षानुवर्षे व्यर्थ गेले त्यासाठी ती रडते, ज्या माणसांना तिने उपाशी मारले त्यांच्यासाठी रडते, आणि मोकळे होणे हेच दुखते म्हणून रडते. मोकळेपण हे ओझे असते, ते कोणी दान देत नाही, ते निवडावे लागते आणि वाट चढणीची असते, असे लेखिका त्या ठिकाणी सुचवते. राजकन्येच्या गोष्टीत लग्नाची वाजंत्री वाजतात त्याच जागेवर ही मुलगी सुरी हातात धरून उभी आहे, हा फरक मला थोडा वाटत नाही.

आता आपल्या बाजूचे. पुरुषाच्या मदतीवाचून ही मुलगी बाहेर पडू शकत नाही असे चित्र आपण का काढले, याचा विचार ले ग्विन यांनी स्वतः पुढे केला आणि त्यावर जाहीर भाषणही दिले. १९७१ साली स्त्रीला नायिका करून अद्भुत कादंबरी लिहिताना आपल्यापुढे पुरुषांच्या शौर्यकथांचा साचाच होता, हे त्यांनी नाकारले नाही. आणि एकोणीस वर्षांनी, १९९० साली, त्यांनी ‘तेहानू’ लिहून तेनारला पुन्हा हाती घेतले, तेव्हा सगळी शक्ती गमावलेल्या गेडला आसरा देणारी ती होती. म्हणून आपला निबंध लिहिताना ही दोन पुस्तके शेजारी ठेवावीत. एकट्या पहिल्यावरून निकाल दिला तर तो अर्धाच असेल, आणि एकट्या दुसऱ्यावरून दिला तर लेखिकेला आपण फुकटची सूट दिल्यासारखे होईल.

प्रश्न : मी बावन्न वर्षांची असून मुलीने टाकून दिलेले हे पुस्तक मी वाचून काढले. तेनारला तिचे नाव परत मिळते त्या पानावर मला रडू आले. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. माहेरच्या नावाने मला आता एक मावशी तेवढी हाक मारते. मुलांच्या पुस्तकावर या वयात रडणे हास्यास्पद आहे का? आणि यापुढे मालिकेतले काय वाचू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हास्यास्पद मुळीच नाही. त्या पानावर लेखिकेने मोठा कमी खर्च केला आहे. गेड बोलता बोलता तिला ‘तेनार’ म्हणतो, एवढेच. मग ती एकटीच असताना, थंडीने आणि भीतीने शहारत, आपण तेनार आहोत असे स्वतःशी म्हणते. तिला त्या नावाची आठवणसुद्धा धड नसते. आईची हाक, चुलीची ऊब, एवढेच धूसर काहीतरी मनात असते. पुढे गेडही आपले खरे नाव तिला सांगतो. अर्थसीत खरे नाव सांगणे म्हणजे जीव हातावर ठेवणे, त्यामुळे ही देवाणघेवाण बरोबरीची होते. आपल्या ताटातील तांदळावर लिहिलेल्या नावाबाबत ती बरोबरी होती किंवा नव्हती हे आपण जाणता. मी त्यात बोलणे योग्य नव्हे. माझ्या ओळखीत दोघीजणी अशा आहेत की ज्यांना तांदळावरचे नाव मनापासून आवडले आणि त्यांनी ते हौसेने मिरवले. आणि माझ्या आईला आपले पहिले नाव रेशनकार्डावर नाही याचे दुःख शेवटपर्यंत होते, जे तिने एकदाच बोलून दाखवले.

यापुढे आपण ‘तेहानू’च वाचावे. मधले तिसरे पुस्तक वगळले तरी चालेल, फक्त गेडची शक्ती त्यात संपते एवढे ध्यानात असू द्यावे. मुलीला मात्र ‘तेहानू’ इतक्यात देऊ नये. एका लहान मुलीवर झालेल्या भीषण अत्याचारापासून ते सुरू होते आणि ते मोठ्यांचेच पुस्तक आहे. त्यात आपल्याला तेनार भेटेल ती प्रौढ, विधवा, एका शेतकऱ्याचे घर सांभाळून दोन मुले वाढवलेली. तिला एका थोर सिद्धाने विद्या देऊ केली होती आणि ती सोडून तिने संसार निवडला होता. गावात तिला कोणी तेनार म्हणत नाही. तिचे तिथले नाव ‘गोहा’ आहे. त्या बेटावर जाळे विणणाऱ्या एका लहानशा पांढऱ्या कोळ्याला गोहा म्हणतात, आणि ही गोरी, ठेंगणी बाई लोकर सुरेख कातते म्हणून तिला ते नाव पडले. हे नाव तिच्यावर कोणी लादलेले नाही, आणि तिला ते खुपतही नाही; दोन्ही नावे ती बाळगते.

आणखी एक बारकावा, जो मला तिसऱ्या वाचनात दिसला. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’च्या पहिल्या पानावर संध्याकाळी सफरचंदांच्या झाडांमधून एक लहान मुलगी पळते आहे, झाडांवर वेळेआधी उमललेले एखाददुसरे फूल आहे, आणि दारातून आई तिला तेनार म्हणून घरी बोलावते आहे. ‘तेहानू’मध्ये तेनारच्या लग्न होऊन गेलेल्या मुलीचा उल्लेख येतो. त्या मुलीचे हाकेचे नाव सफरचंद आहे.